तांबड्याचा कौल

रम्याला कशाकशाची भीती वाटते हे पाहुण्यांना सांगायची तिच्या नवऱ्याला, मोहनकुमारला, भारी हौस होती. पालीची वाटते, लिफ्टचं दार मिटताना वाटते, मिक्सर सुरू करायच्या आधी ती डोळे घट्ट मिटून घेते. पाहुणे हसायचे आणि रम्याही हसायची, कारण भित्र्या माणसाला दुसरं करता तरी काय येतं. पण या उन्हाळ्यात तिला तांबड्या कोंबड्याची भीती बसली, खरीखुरी, हातपाय गार पडावेत अशी, आणि मोहनकुमारनं तीही बाकीच्यांच्या पंगतीत नेऊन बसवली. लोक नेहमीसारखे हसले. रम्याला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं नाही.

घर जे. पी. नगरच्या जुन्या भागातलं, बैठं. तिन्ही बाजूंनी अपार्टमेंट उभी राहिली, बिल्डर येऊन चहा पिऊन गेले, पण रम्याच्या सासऱ्यांनी, शामसुंदररावांनी, मागचं परसू काही विकलं नाही. या घराण्यातलं पहिलं माणूस बेंगळूरला कधी आलं हे आता कुणालाच ठाऊक नाही. घरात मराठी बोलतात, तीही कन्नडच्या फोडणीची. शिवाजीनगरात शिलाई मशीनच्या सुट्या भागांचं दुकान आहे, ते आता मोहनकुमार बघतो. परसात एक पेरू, एक शेवगा, पत्र्याचं खुराडं आणि गावठी कोंबड्या. इकडे त्यांना नाटी म्हणतात. कोंबड्या अधूनमधून होसूरच्या नातेवाइकांकडून यायच्या, कोंबडा मात्र घरचाच असायचा, आणि या दोन्ही गोष्टी सासूबाईंच्या, म्हणजे तुंगाबाईंच्या, अखत्यारीतल्या होत्या. तिथं बाकी कुणी तोंड घालत नसे.

रम्या इंदिरानगरात तिसऱ्या मजल्यावर वाढलेली. लग्नाआधी तिनं कोंबडी पाहिली होती ती ताटात. लग्नानंतरही परसाशी तिचा संबंध दोरीवरच्या कपड्यांपुरता होता. पण उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, सुमाराला तुंगाबाईंचे गुडघे संपावर गेले, आणि सकाळी खुराडं उघडायचं, पाणी भरायचं, अंडी गोळा करायची हे सगळं आपोआप सुनेच्या गळ्यात पडलं.

परसात तेव्हा दोन तरणे कोंबडे होते. म्हातारा कोंबडा संक्रांतीच्या सुमाराला आपल्या मरणानं गेला आणि मागं ही दोन पोरं ठेवून गेला. एक कबरा, अंगानं बेताचा, माणूस दिसलं की शेवग्यामागं पळणारा. दुसरा तांबडा. तांबड्याची आई तो अंड्यातून बाहेर पडल्यावर चार दिवसांतच मांजरानं नेली होती, आणि शामसुंदररावांनी ते पिल्लू शर्टाच्या खिशात घालून वाढवलं. दुकान मुलाच्या हाती गेल्यापासून त्यांना वेळच वेळ होता. ते त्याला तळहातावर भात भरवायचे, मांडीवर घेऊन टीव्ही बघायचे, राजा म्हणायचे. तो मोठा झाला आणि खरोखरच राजासारखा दिसू लागला. रुंद छाती, रक्तासारखा तुरा, शेपटीत हिरवी काळी झाक. बघणारा म्हणायचा, ठेवायचा तर हाच ठेवा, यात विचार तो काय करायचा.

दोघंही ठेवता येत नव्हते हे मात्र कुणालाही दिसत होतं. दोघांची झुंज सुरू झाली होती, आणि एवढ्याशा परसात दोन कोंबड्यांच्या धसमुसळेपणानं माद्यांच्या पाठी उघड्या पडायला लागल्या होत्या. एक ठेवायचा, एक आषाढात देवीच्या नावानं कापायचा. ठरलेलं होतं ते एवढंच.

तांबड्यानं रम्यावर पहिली झडप घातली ती ती अंडी काढायला वाकली तेव्हा, मागून. पोटरीवर दोन ओरखडे उठले. ती किंचाळली, सगळे धावत आले, आणि तांबडा तिथं इतका साळसूदपणे दाणे टिपत उभा की त्याच्याकडे बघून तिलाच शंका यावी. मोहनकुमार म्हणाला, तू पळतेस म्हणून तो मागं लागतो. तुंगाबाई म्हणाल्या, जनावराला भीतीचा वास येतो. शामसुंदररावांनी राजाला उचलून काखेत घेतलं आणि तोही डोळे मिटून गप पडून राहिला.

मग तो खेळ रोजचाच झाला. आधी तो तिच्याकडे बघायचाच नाही. जमिनीवर चोच मारायचा, पण चोचीत काही नसायचं. मग एक पंख खाली सोडायचा, तिरपा तिरपा सरकत जवळ यायचा, मानेची पिसं फुलायची, आणि रम्यानं पाठ वळवली रे वळवली की दोन्ही पाय पुढं करून झेप. पायामागचा काटा अजून लहान होता, पण दर आठवड्याला तो वाढत होता. ती एका हातात झाडू आणि दुसऱ्या हातात टबाचं झाकण घेऊन परसात जायला लागली. समोरच्या अपार्टमेंटच्या गॅलरीतून कुणीतरी तिचा व्हिडिओ काढला आणि तो शेजाऱ्यांच्या ग्रुपवर फिरला, तेव्हा मोहनकुमारनं तो दुकानातल्या माणसांनाही दाखवला.

खरं सांगायचं तर स्वतःच्या पायांचं रम्याला एवढं काही वाटत नव्हतं. एकदा ती न्हाणीघरात पायांना हळद लावत होती आणि तिचं लक्ष गेलं. जुने ओरखडे पोटरीवर होते. त्यानंतरचे गुडघ्यावर. कालचा मांडीच्या पार वर, कमरेशी. कोंबडा मोठा होत होता तशा त्याच्या उड्या वर वर चढत चालल्या होत्या. तिनं बाहेर येऊन चार वर्षांच्या दिव्यश्रीला हाक मारली, शेजारी उभं केलं, आणि बघितलं. मुलीचे डोळे बरोबर मांडीच्या वरच्या त्या ओरखड्याच्या रेषेत येत होते.

दिव्यश्री विचारत होती, आई काय बघते, आणि रम्यानं तिला उचलून कडेवर घेतलं.

दिव्यश्री रोज संध्याकाळी ताताचा हात धरून परसात जायची. तात म्हणजे आजोबा. तात तिच्या तळहातावर नाचणीचे दाणे ठेवायचे आणि राजा ते टिपायचा. पोर खिदळायची, वाकून त्याच्या तोंडाशी तोंड न्यायची. शामसुंदरराव शेजारी असेपर्यंत तो काही करायचा नाही, हे खरं. पण तो आता थांबून थांबून मुलीकडे एका डोळ्यानं बघायला लागला होता, आणि ते बघणं रम्याला ओळखीचं होतं. तिनं मुलीला परसात जायची बंदी केली. मुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं, आणि आजोबांनी नातीला खांद्यावर बसवून परसात नेलं. रम्या मागच्या दारात उभी राहिली, झाडू हातात, डोळ्यात तेल घालून.

आषाढ लागला तेव्हा तिनं एकदाच धीर केला. तुंगाबाई भाजी निवडत होत्या. रम्या त्यांच्यापुढं बसली आणि म्हणाली, आत्या, या वेळी कौल न लावता कबरा ठेवला तर चालणार नाही का?

तुंगाबाईंनी मान वर केली नाही. कौल लावल्याशिवाय या घरात कोंबडा निवडला जात नव्हता. त्याची रीत अशी. आषाढातल्या मंगळवारी अंगणात रांगोळी काढायची, पुढं मूठभर दाणे टाकून कोंबडा सोडायचा. कुणी धरायचा नाही, बांधायचा नाही. घरातल्या सगळ्यांत धाकट्या मुलीनं कडुलिंबाच्या डहाळीनं त्याच्यावर हळदीचं पाणी शिंपडायचं. ज्यानं अंग झाडलं, नुसती मान झाडली तरी, तो देवीनं मागून घेतला, जो झाडत नाही तो घरात राहिला. इतके दिवस पाणी शिंपडायचा मान मोहनकुमारच्या भाचीचा, केतकीचा होता. ती आता मोठी झाली आणि मान दिव्यश्रीकडे आला होता.

“तुझ्या आजेसासऱ्यांनी एकदा आपल्या मनानं कोंबडा ठेवला,” तुंगाबाई म्हणाल्या. “त्या वर्षी मानमोडीनं सगळं खुराडं रिकामं झालं. सकाळी उठावं तर दोन मेलेल्या, संध्याकाळी आणखी दोन. मी माझ्या हातानं खड्डे खणले. देवीच्या कामात आपण बोट घालायचं नाही, रम्या. सुम्मने राहायचं, गप्प.”

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. त्याही घाबरलेल्या होत्या, फक्त त्यांची भीती निराळ्या जागी होती. रम्या निवडलेली भाजी घेऊन उठली.

मुलीनं पाणी शिंपडायचं आणि कोंबडा मोकळा, या दोन गोष्टी तिच्या डोक्यातून जाईनात. तरीही तिनं मनाला समजावलं की तांबडा अंग झाडेल, देवी त्याला नेईल, एका दिवसाचा प्रश्न आहे. कोंबड्यावर पाणी पडलं की तो झाडणारच, त्यात काय मोठं. तेवढ्या आशेवर तिनं दोन दिवस काढले. मग शनिवारी ती नळीनं पाण्याचं भांडं धूत होती, नळी हातातून सटकली, आणि फवारा दोन्ही कोंबड्यांवर उडाला.

कबऱ्यानं क्षणभरही वाट पाहिली नाही. नखशिखांत अंग झाडलं, पाणी चारी दिशांना उडवलं आणि शेवग्यामागं पळाला. तांबडा उभा राहिला. पाणी त्याच्या तुऱ्यावरून ओघळून चोचीच्या टोकाशी येत होतं आणि तो हलत नव्हता. शामसुंदरराव त्याला दर रविवारी कोमट पाण्यानं आंघोळ घालायचे. त्याला पाण्याचं काय. त्याला माणसाचंही काही नव्हतं. तो भिजलेला, शांत, रम्याकडे बघत राहिला.

रम्या नळी तिथंच टाकून घरात आली आणि स्वयंपाकघरात फरशीवर बसली. कौल कसा लागणार हे तिला आता दिसत होतं. जो भितो तो अंग झाडणार आणि मरणार. ज्याला कशाचीच भीती नाही तो राहणार, त्याचा काटा वाढणार, आणि त्याची पिल्लं होणार. आणि उद्या नाही तर परवा, तातांचा डोळा चुकला की तो दिव्यश्रीच्या तोंडावर झेप घेणार. देवी असं कसं मागेल, असं तिला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल लगेच दोन्ही गालांवर मारून घेऊन तिनं माफी मागितली.

तिनं आईला फोन केला. आई इंदिरानगरातून म्हणाली, एवढं काय त्यात, कौलाच्या आधी त्याच्या कानात पाण्याचा थेंब टाक, कानात पाणी गेलं की हत्तीसुद्धा डोकं झाडतो. सांगायला काय जातं. सोमवारी दुपारी तुंगाबाई झोपल्यावर रम्या वाटीत पाणी आणि कापसाचा बोळा घेऊन परसाच्या दारापर्यंत गेली. उद्याच्या आधी सराव करून बघावा, असा तिचा विचार. तांबडा पेरूखाली सावलीत बसला होता. तो उठला. पंख खाली सोडला. रम्या मागं सरली आणि वाटीतलं पाणी तिच्याच पायांवर सांडलं. आणि त्या कोंबड्यापेक्षाही तिला देवघरातल्या अंबाबाईचा तो चांदीचा टाक आठवला. आपण तिला फसवायला निघालो आहोत. आपण कोंबडा तिच्या गळ्यात मारू, आणि बदल्यात ती काय उचलून नेईल? रम्याच्या घरात देण्यासारखं एकच होतं, आणि ते आत पाळणाघरातून येऊन झोपलं होतं. तिनं दार लावून घेतलं.

मंगळवार उजाडला. तुंगाबाईंनी गुडघे दुखत असतानाही रांगोळी स्वतः काढली. मोहनकुमार दुकान उशिरा उघडणार होता. शामसुंदररावांनी पांढरं धोतर नेसलं होतं. त्यांनी राजाला तळहातावर भात दिला, शेवटचा ठरो की रोजचा, आणि तो टिपून होईपर्यंत हात तसाच धरून ठेवला. त्यांना काय हवंय हे उघडच होतं. पण ते काही बोलले नाहीत, कारण देवीपुढं बोलायचं नसतं. दिव्यश्रीला हिरवं परकर-पोलकं घातलं होतं. एका हातात तिच्या डहाळी होती आणि तांब्या अज्जीनं, म्हणजे तुंगाबाईंनी, धरला होता.

रम्यानं आदल्या दिवशी मोहनकुमारला सांगून बघितलं होतं, मुलीऐवजी मी शिंपडते. तो म्हणाला, अगं, तू तर डहाळी टाकून पळशील. आता ती मुलीच्या मागं उभी होती, एवढ्या जवळ की तुंगाबाईंनी तिला दोनदा मागं सरकायला सांगितलं. तिच्या पाठीवरून घाम ओघळत होता आणि सकाळ तर चांगली गार होती.

पहिला तांबडा. त्याला रांगोळीत सोडला, तो दाणे टिपायला लागला. दिव्यश्रीनं डहाळी तांब्यात बुडवली आणि अज्जीनं शिकवल्याप्रमाणे शिंपडली. पिवळे थेंब त्याच्या पाठीवर, मानेवर, तुऱ्यावर पडले. सगळे बघत राहिले. तांबडा दाणे टिपत राहिला. परत एकदा, तुंगाबाई म्हणाल्या. परत शिंपडलं. तो मान वर करून उभा राहिला. पाणी ओघळलं. अंग हललं नाही.

मोहनकुमारनं वडिलांकडे बघून हळूच हसून मान डोलावली. तुंगाबाई कबऱ्याच्या डालग्याकडे वळल्या. मोहनकुमारही डालगं उचलायला वळला. तेवढ्या वेळात दिव्यश्रीला वाईट वाटलं. राजाच्या डोळ्यात हळदीचं पाणी जातंय हे तिच्याशिवाय कुणी बघितलंच नव्हतं. तिनं डहाळी खाली ठेवली, परकराचा काठ हातात धरला आणि त्याचे डोळे पुसायला ती त्याच्यासमोर उकिडवी बसली.

तांबड्यानं जमिनीवर चोच मारली. तिथं दाणा नव्हता.

रम्याला तो पंख खाली सुटताना दिसला, आणि मानेची ओली पिसं फुलताना. मग तिचे पाय, जे आयुष्यभर मागंच पळत आले होते, ते पुढं गेले. मुलीच्या आणि कोंबड्याच्या मध्ये तिनं आपला हात घातला, झेप त्या हातावर बसली, काटा मनगटापासून वर फाडत गेला. तिला दुखलं नाही. तिनं दुसऱ्या हातानं ते पाय पकडले, दोन्ही, घट्ट, आणि कोंबडा उलटा उचलून स्वतःच्या अंगापासून लांब धरला. तो पंख आपटत होता, फडफडत होता, पिवळं पाणी आणि तिचं रक्त सगळ्यांच्या अंगावर उडत होतं. ती डोळे मिटून उभी होती आणि सोडत नव्हती.

“आई,” दिव्यश्री मागून म्हणाली, “राजाला लागेल.”

मोहनकुमारनं मुलीला उचललं, तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उलटसुलट बघितला आणि तो पांढराफटक पडला. तिच्या भुवईच्या वर रक्ताचा थेंब होता. त्यानं तो पुसला. खाली काही नव्हतं. रक्त रम्याचं होतं.

तुंगाबाई तांब्या धरून उभ्या होत्या. त्या रांगोळीकडे बघत होत्या, फडफडणाऱ्या कोंबड्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जुने खड्डे खणतानाची भीती जशीच्या तशी आली होती. त्या पुटपुटल्या, अंग तर झाडतोय. पण हातात धरल्यावर झाडलं ते मोजायचं नसतं. आता काय समजायचं? देवीनं घेतला की नाही घेतला?

रम्यानं डोळे उघडले. सांगावं असं तिला फार वाटलं, की हो, आधीच झाडलं, मी बघितलं. पण देवी समोर होती.

तेव्हा शामसुंदरराव पुढं आले. ते नातीकडे बघत होते, तिच्या भुवईवर पुसल्या रक्ताची जी फिकट रेघ राहिली होती तिच्याकडे. मग त्यांनी सुनेच्या हाताकडे बघितलं, आणि तिच्या साडीच्या निऱ्यांखाली पोटरीवर जे जुने व्रण दिसत होते तेही त्यांनी बहुधा पहिल्यांदाच नीट बघितले.

“तिनं धरायच्या आधी त्यानं मान झाडली,” ते म्हणाले. “मी या बाजूला होतो. मला दिसलं.”

“खरं?” तुंगाबाईंनी विचारलं.

“देवीपुढं खोटं बोलेन का मी?”

त्यांनी रम्याच्या हातातून कोंबडा घेतला. त्यांच्या काखेत गेल्याबरोबर तो शांत झाला, डोळे मिटून गप पडून राहिला. तुंगाबाईंनी नवऱ्याकडे नीट बघितलं आणि त्या म्हणाल्या, सरी, ठीक आहे, देवीनं घेतला. मोहनकुमार पुढं झाला तर शामसुंदररावांनी त्याला हातानंच थांबवलं आणि ते स्वतः राजाला घेऊन शेवग्यापलीकडे गेले.

त्या दिवशी जेवायला ते बसले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले. रम्याच्या हाताला टाके पडले होते, तिलाही घास गिळेना, पण प्रसाद नाही म्हणायचं नसतं म्हणून तिनं एक तुकडा खाल्ला. मोहनकुमारनं तिच्याजवळ येऊन तिच्या ताटात स्वल्प भात वाढला. त्यानंतर पाहुण्यांना ती जंत्री ऐकवणं त्यानं बंद केलं.

भीती मात्र गेली नाही. तिनं फक्त घर बदललं. तांबड्यानं मान झाडली नव्हती हे रम्याला ठाऊक होतं, कारण त्या क्षणी तिच्याइतकं त्याच्याकडे कुणीच बघत नव्हतं. म्हणजे सासरे खोटं बोलले, देवीसमोर, देवीचंच नाव घेऊन. आता मानमोडी येणार. ती रोज सकाळी खुराडं उघडताना श्वास रोखून धरायची आणि आतून सगळ्या बाहेर पडेपर्यंत मोजायची. शामसुंदररावही आता सकाळी येऊन पायरीवर बसायला लागले. त्यांचेही ओठ हलताना तिला दिसायचे. तेही मोजत होते.

श्रावणात एका सकाळी एक कोंबडी बाहेर आलीच नाही. खुराड्याच्या कोपऱ्यात पिसं फुलवून, मान आत ओढून ती बसली होती, डोळे अर्धवट, दाणे टाकले तरी बघेना. ती आतल्या तुंगाबाईंना हाक मारायला गेली नाही. पायरीवरच्या सासऱ्यांकडे धावली, कारण हे पाप दोघांचं होतं. शामसुंदररावांनी वाकून खुराड्यात बघितलं आणि खांबाला हात टेकला. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“माझ्यामुळं,” ते म्हणाले. “मी म्हणालो ना तसं. माझ्यावरच यायला हवं होतं. कोंबड्यांवर का?”

रम्यानं आयुष्यात पहिल्यांदा सासऱ्यांचा हात धरला. दोघंही तसेच उभे होते तोवर तुंगाबाई काठी टेकत आल्या, काय झालं म्हणून. कोंबडी आजारी आहे, एवढंच रम्या म्हणाली. त्यांनी खुराड्यात हात घातला, कोंबडीनं फिस्कारून हातावर चोच मारली, आणि तुंगाबाई एवढ्या मोठ्यानं हसल्या की समोरच्या अपार्टमेंटच्या गॅलरीत माणसं आली.

“खुडूक बसलीये ती. अंडी उबवायची आहेत तिला. आजारी म्हणे. आणा, अंडी आणा आतली.”

शामसुंदरराव पायरीवर बसले आणि त्यांनी पंच्यानं तोंड झाकून घेतलं. तुंगाबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, रम्याकडे एकदा बघितलं. त्यांना काय समजलं असेल ते असो. त्या एवढंच म्हणाल्या, देवीनं ऐकलंय, आता उठा. मग त्यांनी कबऱ्यापासूनची अंडी कोंबडीखाली सरकवली, एकेक, डोळ्यांशी धरून पारखून.

पिल्लं निघाली तेव्हा गणपती आले होते. कबरा त्यांच्यापासून चार हात लांब उभा राहायचा आणि सारखा वर बघायचा. घार दिसली की असा काही कर्कश ओरडायचा की सगळं परसू पेरूखाली पळायचं, आणि एकदा तर रम्याही मुलीला कडेवर घेऊन पत्र्याखाली जाऊन उभी राहिली होती. तो अजून माणसाला भितो. तिला बघून पळतो, आणि तो पळाला की तिला बरं वाटतं.

दिव्यश्रीनं त्यातलं एक पिल्लू उचललं. तांबूस होतं. ती ते घेऊन आजोबांकडे गेली आणि म्हणाली, तात, हा नवा राजा, खिशात ठेव. रम्या नळापाशी होती. तिचा हात नळावरच थांबला.

शामसुंदररावांनी पिल्लू हातात घेतलं. त्याच्या पाठीवरून त्यांनी एक बोट फिरवलं, एकदाच, सावकाश, आणि त्यांचा दुसरा हात आपोआप खिशाकडे गेलेला रम्याला दिसला. मग ते गुडघ्यांवर हात ठेवून उठले, खुराड्यापर्यंत गेले आणि त्यांनी पिल्लू आईच्या पंखाखाली सोडलं. ते आत घुसलं आणि दिसेनासं झालं.

“नको बाळ,” ते नातीला म्हणाले. “आपल्याला भिऊ दे त्याला.”